सुईने गाळलेले स्वर

व्हायोलिनच्या गजाला लावायच्या राळेची पांढरी भुकटी मुक्ताच्या बाहीवर पडलेली दिसली, की मला तिचे वडील आठवतात. सुधीर माझा विद्यार्थी. तो गेल्यापासून मुक्ता माझ्याकडे येऊन त्याची आवडती धून वाजवत बसते. आयर्लंडमधली रील, म्हणजे तिकडच्या नाचाची जलद धून. काल तिने मोबाइलवर तिकडच्या जुन्या वादकांची ध्वनिमुद्रणे लावली आणि हसू लागली.

"आजोबा, गंमत बघा. हे सगळे म्हातारे एकाच ठिकाणी चुकतात!"

ते चुकत नव्हते. मी ही धून सुधीरसाठी ग्रामोफोनच्या तबकडीवरून स्वरलिपीत उतरवली, तेव्हा ओरखड्यावर सुई उडाली होती. गाळलेल्या जागी मी पदरचे स्वर घातले. पुढे दुसरी तबकडी ऐकल्यावर चूक कळली, पण तोवर सुधीर ते मैफलीत वाजवू लागला होता, आणि ती कबूल करून गुरूचा मान सोडणे मला जमेना.

लोकधुनेला कर्ता नसतो. ती कानातून हातात आणि हातातून कानात जात जगते. तिच्यात खोटे मिसळले, तर तेही तितक्याच मायेने सांभाळले जाते.

"ते बरोबर आहेत, मुक्ता. चूक माझी आहे. मी लिहून दिलं तेच बाबांनी वाजवलं."

तिने मोबाइल खाली ठेवला. "म्हणजे बाबा चुकले नव्हते ना?"

"कधीच नाही."

रीलचा प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. ती जागा असलेला भाग पहिल्यांदा तिने त्या म्हाताऱ्यांसारखा वाजवला. दुसऱ्यांदा बाबांसारखा.