डबीतल्या अर्ध्या गोळ्या

मावशींच्या हातातून कोयता पडला, कपाळावर घाम, ओठ थरथरतायत, आणि मला म्हणतात, “साखर दे गो.” मी साखरेचा डबा धरून नुसती उभी. साखर उतरायची गोळी मीच दुपारी दिलेली, आता साखर कशी देऊ? मग घाबरत घाबरत दोन चमचे तोंडात घातले, रिक्षा केली, पोर काखेत, मावशी खांद्यावर.

मावशी आमच्या शेजारच्या, कोलशेतच्या जुन्या कोळीण. तुमच्याही शेजारी असेल अशी कुणीतरी. मी कामावर गेले की माझ्या पोरीला त्याच सांभाळायच्या. दोन वर्षांच्या पोरीला मालकीणबाई म्हणायच्या.

डॉक्टरांनी त्यांची गोळी अर्धी केलेली. म्हणाले, साखर आता जास्तच खाली जाते, अर्धी पुरे, पंधरा दिवसांनी बघू. मावशी रोज कोयत्याने गोळी बरोबर मधोमध तोडायच्या, उरलेली अर्धी तंबाखूच्या रिकाम्या डबीत. शिळी नको म्हणून दुसऱ्या दिवशी परत नवी तोडायच्या.

मला ती अर्धी पटतच नव्हती. माझ्या आईचा पाय साखरेपायी कापावा लागलेला. आणि मी आठवी शिकलेली, सगळ्या चाळीच्या गोळ्या मीच वाचून देते, म्हणून वाटायचं मला कळतं. मावशी हसायच्या. “डॉक्टरीण झाली का गो? मंग फी सांग.”

पोरीच्या वाढदिवसाला त्यांनी श्रीखंड खाल्लं, परत मागून खाल्लं. मला धडकीच भरली. म्हटलं, डबीतली अर्धी पण घ्या. नको म्हणाल्या. मी पोरीची शपथ घातली. मग घेतली. गोडाने पोट भरलं म्हणून जेवल्या नाहीत, तशाच संध्याकाळी मासे साफ करायला बसल्या.

हॉस्पिटलात त्यांचा मुलगा कल्याणहून आला, जाम चिडलेला. डॉक्टर म्हणाले, आज गोळी जास्त गेलेली दिसते. त्याने विचारलं, दुसरी अर्धी दिली कुणी? मी तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी बोलल्या, “मीच घेतली. सकाळची घेतलेली इसरले.” माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मुलगा म्हणाला, आता हिला एकटीला ठेवायचं नाही. तिकडूनच कल्याणला नेलं, चौथ्या मजल्यावर. तिथे मासे सून साफ करते. मावशींच्या हातात कोयता देत नाहीत, गोळीपण तीच मोजून देते.

फोनवर विचारतात, मालकीणबाई जेवली का. मग आवाज बारीक करून, “सांगू नको गो. तो तुला दारात उभी करनार नाय.”

डबी माझ्याकडेच राहिली. आत सगळ्या अर्ध्या, एकसारख्या. खरं बोलले तर मावशी कदाचित घरी येतील, पण त्यांचा मुलगा माझ्या पोरीला परत मावशींच्या दारात जाऊ देणार नाही. गप्प बसले तर त्या विसरभोळ्या ठरून तिथेच राहणार. तुम्ही काय केलं असतं?