मोठ्या पाळकांचा शनिवार

पंख्यांची वाइंडिंग करणाऱ्या त्या माणसाला सगळे चक्री म्हणायचे, आणि त्यात कुणाचंही काही चुकत नव्हतं. दुकानात बसला तर पाय हलणार, जेवायला बसला तर दहा वेळा उठणार. बायको वैतागून म्हणायची, "अहो, खुर्चीला खिळे आहेत का?" असा हा माणूस चर्चच्या मंडळीचा पंच म्हणून निवडून आला, आणि नेमकी त्याच सुमारास पाळकांची बदली झाली. नवे पाळक येईपर्यंत रविवारची उपासना चालवायची कुणी? पंचाने. झालं!

जाताना पाळक सांगून गेले, "घाबरू नका. आपल्याआधी ज्यांनी मंडळी सांभाळली, ते कसे वागले ते आठवा आणि तसं वागा." आता चक्रीला आठवणार ते मोठे पाळकच. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा दरारा अजून तसाच होता. ते उपदेशात थेट नाव घेऊन बोलायचे. "अमक्या, तुझं बायकोशी वागणं बरं नाही!" की तो अमका उठून मान खाली घालायचा, आणि खरोखर सुधारायचासुद्धा. लहानपणी चक्रीने हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

मग पठ्ठ्याने तेच केलं. व्यासपीठावरून सख्ख्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. भाऊ मंडळीत ऑर्गन वाजवायचा आणि बाहेर प्यायचा, हे जगजाहीर होतं. "याच हातांनी देवाची गाणी वाजवायची आणि याच हातांनी ग्लास धरायचा?" चक्री गरजला. आपण रक्ताच्या नात्यालाही सोडलं नाही, म्हणून मनातून जरा फुशारलाही. भावाने ऑर्गनचं झाकण हळूच लावलं आणि तो निघून गेला. परत आला नाही. फोन उचलेना, दार उघडेना.

मग काय विचारता! चक्रीची झोप उडाली. मंडळीचं राहू दे, भाऊ आपल्यालाच कायमचा दुरावला तर? आईवडील गेल्यावर यालाच तर त्याने हाताला धरून वाढवलं होतं. कामात लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाच्या पंख्याची जोडणी उलटी झाली आणि पंखा छताला वारा घालू लागला. गिऱ्हाइकाने येऊन त्याची चांगली खरडपट्टी काढली.

शेवटी एका शनिवारी तो मोठ्या पाळकांच्या बायकोकडे, म्हणजे पाळकबाईंकडे जाऊन धडकला. बाई मटार सोलत होत्या.

"बाई, मी अगदी त्यांच्यासारखंच केलं. मग माझंच कसं फिसकटलं?"

"त्यांच्यासारखं? आदल्या दिवशी गेला होतास?"

"कुठे?"

"अरे, भावाकडे! हे शनिवार शनिवार त्या माणसाच्या घरी जाऊन बसायचे. त्याचं सगळं ऐकून घ्यायचे. कधी कधी महिनोन्‌महिने नुसतेच जायचे. मग एक दिवस तो माणूसच म्हणायचा, पाळकसाहेब, उद्या सगळ्यांसमोर माझं नाव घ्या, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. त्याने म्हटल्याशिवाय यांनी कधी कुणाचं नाव घेतलं नाही. तू तेवढा रविवार उचललास, गाढवा."

चक्री तसाच उठून भावाच्या खोलीवर गेला आणि दार ठोठावत राहिला. शेजारीण ओरडली, तेव्हा कुठे दार उघडलं. आत दारूचा वास होता.

"माफ कर," चक्री म्हणाला. "मी आधी यायला हवं होतं."

"हवं होतं खरं. आला असतास तर सांगितलं असतं. त्या रविवारच्या आधी महिनाभर मी थेंबाला शिवलो नव्हतो, दादा. उपासना संपली की सगळ्यात आधी तुलाच सांगणार होतो."

"आणि आता?"

भावाने खिडकीतल्या बाटलीकडे बोट दाखवलं.

चक्री तिथेच जमिनीवर बसला. इथे मोठ्या पाळकांनी काय केलं असतं, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत असतं तरी ते करायची आता त्याची हिंमत नव्हती.

"प्रार्थना करून टाक आणि जा," भाऊ कडवटपणे म्हणाला. "उद्याच्या उपदेशाची तयारी राहिली असेल तुझी."

"मला प्रार्थना सुचत नाहीये रे."

भाऊ बघतच राहिला. दादाला काही सुचत नाही, हे त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्याने नाक पुसलं.

"उद्या माझं नाव घेऊ नकोस हां," तो म्हणाला. "इतक्यात नको."