चिखल चालून पाहणाऱ्या शैलाताई

चिखल दिसला की शैलाताई गाडी थांबवायच्या, चपला काढायच्या आणि पुढचा रस्ता अनवाणी चालून यायच्या. मागचे कितीही हॉर्न वाजवोत! पाय पुसून झाले की मगच ठरायचं, जायचं की नाही. नारायण पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी, साठी उलटलेली ही बाई हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्या पोरांना रविवारी चारही चाकं ओढणारी फोर बाय फोर गाडी चालवायला शिकवते, हे कुणाला खरंच वाटायचं नाही.

"मॅडम, ही गाडी कुठेही जाते," एकजण एकदा छाती फुगवून म्हणाला.

"जाते ना. दरीतही जाते." मग जरा मऊ होऊन, "अहो, चारही चाकं ओढतात ती पुढे जायला, थांबायला नव्हे. टायरच्या खाचा चिकणमातीने भरल्या की ब्रेक दाबून काही उपयोग नाही. लो गिअर टाका, इंजिनलाच गाडी धरू द्या आणि स्टिअरिंगशी कुस्ती खेळू नका."

मला मात्र एवढंच, "मंगल, मागे बस आणि गप्प बस." मी कसली गप्प बसतेय!

पानशेतच्या पलीकडे टेकडीवर त्यांचं शेतघर होतं. एका पावसाळ्यात आम्ही तिथे असताना अण्णांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर निजवलं. उतारापाशी शैलाताई नेहमीसारख्या खाली उतरल्या, तेव्हा मला किंचाळावंसं वाटलं. घसरत, सावरत परत आल्या. चेहरा पांढराफटक.

"नाही जायची. आडवी होऊन सगळ्यांना घेऊन जाईल."

वाडीतली माणसं धावली. "बाई, डोली करू, चला बिगीबिगी," म्हणत त्यांनी अण्णांना खांद्यावर घेतलं. डांबरी रस्ता लागायच्या आतच अण्णा गेले.

"जगाला शिकवतेस आई, आणि बाबांच्या वेळी गाडी काढली नाहीस?" मुलगा निखिल एवढंच बोलला आणि त्याने येणंजाणं सोडलं.

पुढच्या वर्षी शैलाताई उघडीप पाहून एकट्याच शेतघरावर गेल्या आणि पाऊस लागल्यावर तोच उतार उतरून आल्या. चिखलाने माखलेल्या, माझ्या दारात उभ्या.

"उतरली गं. अगदी सहज उतरली."

"अहो, अण्णांच्या वेळी ओल किती होती! रोजचा चिखल सारखा असतो का?" मी कळवळून म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही. माझ्यासमोरच निखिलला फोन लावला. "तुझं बरोबर होतं रे. बाबा वाचले असते." पलीकडून काहीच आवाज आला नाही.  मग त्यांनी गाडी विकली, शिकवणं बंद केलं आणि हळूहळू जेवणही सुटलं.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. वैकुंठ स्मशानभूमीत निखिलला मी बाजूला घेतलं. "त्या दिवशी गाडी नसतीच उतरली रे. मी होते ना तिथे."

"माहितीये मावशी. बाबांच्या तेराव्यानंतर मी त्याच उतारावर गाडी घातली होती. माझी गाडी आडवी झाली. झाड होतं म्हणून वाचलो."

"मग मेल्या, तिला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर मग राग कुणावर धरला असता?" तो चितेकडे बघत म्हणाला.