पाच जणांची गाडी

चावी फिरवण्याआधी बाई डॅशबोर्डवर तळहाताने दोनदा थोपटायच्या आणि म्हणायच्या, "चल गं माय. पाथरी काही लांब न्हाई." गाडी बहुधा ऐकायची. नाही ऐकलं तर आम्ही उतरून ढकलायचो. तेव्हाही बाई समजूत तिचीच काढायच्या, आमची नाही. बाई पाथरीच्या शाळेत शिकवायच्या. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलत. वर्गाबाहेर आल्या की चुडाव्याचं, माहेरचं.

तुमच्यापैकी ज्यांनी अप-डाऊन केलं असेल त्यांना जास्त सांगायला नको. कागदोपत्री आम्ही सगळे नोकरीच्या गावी राहत होतो आणि रोज सकाळी परभणीहून निघत होतो. बाई धरून सात जण. बाईंची व्हॅन जुनी. दार एकाच बाजूचं उघडायचं, तेही बाहेरून. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात पुढे बसणारा शेकून निघायचा. जागा ठरलेल्या होत्या. मी सगळ्यांत शेवटी आलेला, म्हणून अगदी मागे, स्टेपनीवर, मागच्या काचेकडे तोंड करून. जाताना परभणी लांब जाताना बघायची, येताना पाथरी. समोरून येणारा रस्ता कसा असतो ते मी कित्येक वर्षं पाहिलंच नाही.

आमच्यातल्या सिस्टर मानवतच्या पुढे एका फाट्यावर उतरायच्या. तिथल्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या. त्या फाट्यावर एसटी थांबत नाही. बाईंनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या जीपच्या मागच्या फळीवर उभ्या होत्या, एका हातात डबा, दुसऱ्या हाताने टपाची दांडी धरलेली. बाईंनी जीप गाठली, हॉर्न वाजवून थांबवली आणि सिस्टरला उतरवून घेतलं. ओळख नंतर झाली.

गाडीचा मिस्त्री मानवतचा. तो दर वेळी इंजिनाऐवजी डॅशबोर्डवरच्या बुद्धाच्या लहान मूर्तीकडे बघायचा. "बाई, ये गाडी आप नई चलाते, ये चलाते. अब इनकू भी आराम देव."

"आवंदा चालू द्या मिस्त्री," बाई म्हणायच्या. "पुढच्या साली बघू."

अशी बरीच सालं गेली. मग एका मार्चमध्ये, ऐन परीक्षेच्या दिवसांत, गाडीने निळा धूर सोडला आणि रस्त्यातच बसली. मिस्त्री म्हणाला, पूर्ण इंजिन खोलावं लागेल, त्यापेक्षा नवी घ्या. बाईंचा मुलगा पुण्यात इंजिनिअर. त्याने तर गाडीचा रंगही ठरवून टाकला. सगळ्यांत मोठं भाषण मी केलं. मला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे गाडीविषयी मत द्यायला मी मोकळा असतो. मायलेज, सुरक्षितता, बदलता काळ, सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग चला समदे. बसायचं तुमाला हाय, तुमीच बघा."

रविवारी आम्ही सातही जण शोरूममध्ये. तिथल्या पोराने अदबीने दार उघडलं आणि आम्ही जे फक्त अप-डाऊनवाल्यांनाच सुचेल ते केलं. जो तो आपापल्या जागेवर गेला. बाई स्टिअरिंगवर, बँकेतले भाऊसाहेब त्यांच्या शेजारी, मागे तिघं. मी सवयीने डिकी उघडायला लावली.

"सर, इथं सामान ठेवतात."

"आमी यांना सामानातच धरतो," सिस्टर म्हणाल्या.

सगळे हसले. मग सिस्टर बसायला गेल्या तर जागा नव्हती. "सरका की जरा," भाऊसाहेब मागे बघून म्हणाले. सरकायलाही जागा नव्हती. पोरगा बिचारा म्हणाला, "मॅडम, ही पाच जणांची गाडी आहे."

बाई आरशात बघत होत्या. आरशात आम्ही दोघं राहिलेले. मी डिकीपाशी, सिस्टर पर्स पोटाशी धरून. "घ्या बाई तुमी," सिस्टर म्हणाल्या. "लय छान गाडी हाय. मी जाईन की जीपनं." मीही म्हणालो, माझं काय, एसटी आहेच. भाषणाच्या वेळचा आवाज काही लागला नाही.

बाईंनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "गाडी चांगली हाय बाळा," त्या पोराला म्हणाल्या, "पण आमाला लहान पडायली."

मुलगा फोनवर चिडला. "आई, तू गाडी घ्यायलीस का एसटी? स्वतःपुरतं बघ ना जरा."

"स्वतःपुरतंच बघायले," बाई म्हणाल्या. "एकटी कुठं जाऊ मी तिच्यात?"

इंजिन खोललं. व्हॅन बाईंच्या रिटायरमेंटपर्यंत चालली. मग बाई मुलाकडे पुण्याला गेल्या, व्हॅन एका भाजीवाल्याने नेली, सिस्टरची पूर्णा तालुक्यात बदली झाली. बाकीच्यांनी आपापल्या गाड्या घेतल्या, पाच-पाच जणांच्या, आणि एकेकटे जाऊ-येऊ लागले. मी एसटीने जातो.

यंदा दिवाळीनंतर पुण्याला गेलो तेव्हा बाईंना भेटलो. थोड्या वाळल्यात. मला स्टँडवर सोडायला मुलाने गाडी काढली, तर "मी बी येते" म्हणून पुढे येऊन बसल्या. मागच्या गुबगुबीत सीटवर मी एकटा. एसी चालू, काचा बंद, आत काही आवाज नाही.

एका सिग्नलला गाडी थांबली. शेजारी बसथांबा, त्यावर छप्पर नाही. एक बाई कडेवर लेकरू घेऊन उन्हात उभी. बाईंनी बटण दाबून काच खाली केली.

"कुठं जायचं, माय?"

त्या बाईने आधी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारलं की काय. मग गोंधळून म्हणाली, "स्वारगेट."

"या की मग. मागं हे एकटेच हाईत."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. मुलाने त्याच्या बाजूचं बटण दाबून काच वर केली आणि गाडी पुढे काढली. "आई, इथं असं नसतं गं करायचं."

थांबा दिसेनासा होईपर्यंत बाई मान वळवून मागे बघत राहिल्या.

मी तोवर एका कडेला सरकून बसलो होतो.