दुपारी दीडची दुलई

कोलोनच्या स्टेशनात तिकिटाच्या खिडक्या सात, पण रांग लांब असायची ती तीन नंबरच्या खिडकीपुढे. तिथे रोझविटा ब्राउवायलर बसायची. आखूड पांढरे केस, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि त्याच नाकावर माशी बसू न देणारी बाई. कुणी फ्रांकफुर्टचं तिकीट मागितलं की यंत्राला हात लावण्याआधी ती माणसाला नीट निरखायची आणि विचारायची, "बोगद्यातून की नदीवरून?"

बोगद्यातून म्हणजे तासाभरात. गाडी मोटाररस्त्याच्या शेजारून सुसाट सुटते, डोंगरांच्या पोटातून आरपार जाते, आणि कॉफी निवेपर्यंत फ्रांकफुर्ट येतं. नदीवरून म्हणजे तीन तास, ऱ्हाईनच्या काठाकाठानं, वळणं घेत, प्रत्येक गावाला राम राम करत. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, कारण रस्ताच एक होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी जलद मार्ग झाला आणि लोकांच्या हाती निवड आली. निवड हाती आली की माणूस हमखास चुकीचं निवडतो, असं रोझविटाचं ठाम मत होतं. म्हणून ती स्वतःच निवडून मोकळी व्हायची.

एकदा एक पियानो जुळवणारा आला. नोकरीच्या मुलाखतीला निघाला होता आणि उत्तरं पुटपुटत पाठ करत होता. त्याला तिनं बोगद्यातून पाठवला. "तुम्हाला विचार करायला वेळच मिळायला नको," ती म्हणाली. दुसऱ्यांदा एक जोडपं आलं, खिडकीपाशीच एकमेकांवर खेकसणारं. बाईला जलद गाडी हवी होती, बुवाला स्वस्त. रोझविटानं दोघांनाही न विचारता नदीची तिकिटं काढली. "डाव्या हाताला बसा. नदी डावीकडे आहे."

"अहो, पण तीन तास आम्ही एकमेकांशी बोलायचं काय?" बाई म्हणाली.

"नदीवर तीन तास भांडता येत नाही. पाऊण तासानं कुणीतरी 'तो बघ किल्ला' म्हणतंच."

त्यांचं पत्र आलं होतं. किल्ला आधी बुवाला दिसला होता म्हणे.

अशी पत्रं खोकंभर होती तिच्याकडे. आणि तरी, आता सांगायला हरकत नाही, ही बाई स्वतः नऊ वर्षांत एकदाही नदीवरून गेली नव्हती. तिचा मुलगा फाल्क फ्रांकफुर्टला असतो. महिन्यातून एकदा ती त्याच्याकडे जायची, आणि दर वेळी बोगद्यातून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

हे पकडलं शेजारच्या खिडकीवरच्या नेविननं. नेविन चाळिशीची, आईवडील तुर्कस्तानातून आलेले, पण जन्म कोलोनचा आणि जीभही कोलोनचीच, म्हणजे तिखट. "रोझविटाबाई, तुम्ही मिठाईवाल्यासारख्या आहात हो. अख्ख्या गावाला खिलवता आणि स्वतः चाखत नाही. मधुमेह आहे की काय?"

"घाई असते मला."

"तुम्हाला? परवा तुम्ही एका माणसाला किल्ल्यांची नावं पाठ करायला लावलीत. मागे चौदा माणसं उभी होती."

रोझविटानं पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. रांगेत कुणीच नव्हतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे नेविननं ओळखलं, आणि तीन आठवडे रोज कॉफी पाजून तिनं ते काढून घेतलं.

नदीकाठी ओबरवेझेल नावाचं गाव आहे, ते रोझविटाचं माहेर. तिथे आता तिची थोरली बहीण गुड्रून राहते. घर रुळांना इतकं लागून की गाडी गेली की कपाटातल्या बशा बोलतात. दोघी बहिणी नोकऱ्यांना लागल्या, गाडीनं ये-जा करू लागल्या, तेव्हा आईनं एक खूण ठरवली होती. आपल्याकडे, ऱ्हाईनकाठी, पिसांच्या दुलया सकाळी खिडकीत टाकतात, वारं लागायला, आणि दहा वाजायच्या आधी आत घेतात. दहानंतरही दुलई लोंबत असली तर त्या घरची बाई आळशी, हे अख्ख्या दरीला ठाऊक आहे. आई मात्र लाल चौकड्यांची दुलई भरदुपारी बाहेर टाकायची. म्हणजे केक भट्टीत आहे, पोरींनो, उतरा. खिडकी मोकळी असली तर घरात कुणी नाही, पुढे जा. शेजारणी नाकं मुरडायच्या. आई म्हणायची, मुरडू देत, त्यांच्याकडे कोण उतरतंय?

बारा वर्षांपूर्वी आईला नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. हॉल ठरला होता, अग्निशमन दलाचा बँड ठरला होता. वाढदिवसाच्या दिवशी रोझविटाची कामाची पाळी होती, आणि ती बदलून घ्यायचं तिच्याकडूनच राहून गेलं. म्हणून ती आदल्या दिवशी भेटायला गेली. निघताना तिनं म्हातारीच्या गालाचा मुका घेतला आणि तोंडातून निघून गेलं, "आई, वाढदिवसाच्या शुभेच्छा."

गुड्रूनच्या हातातला ट्रे हातातच राहिला. आधी शुभेच्छा! आपल्या जर्मनीत महिन्यानं दिल्या तरी कुणी काही म्हणत नाही, पण एक मिनिट आधी दिल्या तर अपशकुन. चर्चमध्ये पाऊल न टाकणारे विज्ञानाचे प्राध्यापकसुद्धा इथे जीभ आवरतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई जिन्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉल रिकामा राहिला. बँड हॉस्पिटलच्या आवारात जाऊन वाजवून आला, आणि आईला ते हॉलपेक्षा जास्त आवडलं. पण तिकडे बाहेर व्हरांड्यात दोघी बहिणींची जुंपली होती.

"तुझी जीभ जरा आवरली असतीस तर!"

"माझ्या जिभेवरून नाही घसरली ती! तुझ्या जिन्यावरून घसरली. दर शनिवारी मेण घासतेस पायऱ्यांना. आरसा करून ठेवलायस!"

"माझा जिना स्वच्छ असतो हा माझा गुन्हा?"

शब्दानं शब्द वाढला आणि मग एकदम संपला. आई पुढे तीन वर्षं काठी टेकत छान जगली आणि हा किस्सा येईल त्याला हसत हसत सांगत राहिली. दोघी मात्र हसल्या नाहीत. गुड्रून गुरुवारी गायनमंडळात गेली की रोझविटा आईला भेटून यायची. आई गेल्यावर तेही संपलं.

"मग नदीवरून जायला काय झालं? उतरायचं नाही तर नाही," नेविन म्हणाली.

"खिडकी दिसते गाडीतून."

"मग?"

"मोकळी असली तर?" रोझविटा म्हणाली, आणि चष्मा पुसत बसली. खरं तर एवढंच होतं. जगाला नदी दाखवणारी ही धीट बाई एका मोकळ्या खिडकीला घाबरत होती.

सप्टेंबरात, एका शुक्रवारी, ती निवृत्त झाली. केक झाला, भाषण झालं, आणि नेविननं तिच्या हातात एक पाकीट ठेवलं. आत तिकीट. कोलोन ते फ्रांकफुर्ट, नदीवरून, शनिवार, चौदा तारीख.

"एकेचाळीस वर्षं तुम्ही लोकांची गाडी निवडलीत," नेविन म्हणाली. "आज मी निवडते. डाव्या हाताला बसा."

रोझविटानं तारीख दोनदा वाचली. पंधरा तारखेला गुड्रून सत्तर वर्षांची होणार होती. सगळं वर्ष सोडून या नेविननं नेमका आदला दिवस शोधला होता! "बाई गं, दुसरा कुठलाही दिवस घ्यायचास," ती पुटपुटली. पण भेट मिळालेलं तिकीट परत करणं तिच्या रक्तात नव्हतं.

शनिवारी ती गाडीत चढली आणि उजव्या हाताला बसली. नदी डावीकडे होती, पण घर उजवीकडे होतं.

बॉन गेलं, कोब्लेन्झ गेलं. पलीकडच्या, नदीच्या बाजूच्या बाकावरच्या बाईनं तिला दोनदा सांगितलं, "अहो, इकडे या, नदी या बाजूला आहे." रोझविटा म्हणाली, "माहीत आहे मला." उतारांवर द्राक्षं पिकत आली होती, पाण्यावर कोळशाचा पडाव संथ चालला होता, आणि ती उजवीकडची घरं, कुंपणं, वाळत घातलेले मोजे बघत बसली होती. सांक्ट गोआर गेलं. त्यानंतर तीन बोगदे लागतात. छोटेसेच आहेत, पण त्या दिवशी रोझविटाला ते जलद मार्गाच्या सगळ्या बोगद्यांहून लांब वाटले. एक संपला. दुसरा संपला. तिसऱ्यात तिनं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा दुपारचा दीड वाजला होता, आणि लाल चौकड्यांची दुलई खिडकीत लोंबत होती.

रोझविटानं पिशवी उचलली, मग खाली ठेवली, मग पुन्हा उचलली, आणि "उतरायचंय मला, उतरायचंय!" असं ओरडत दाराकडे धावली. पलीकडच्या बाईनं दचकून पाय वर घेतले. स्टेशन यायला अजून दोन मिनिटं होती.

दार गुड्रूननं उघडलं. पोट सुटलेलं, केस पांढरे, ॲप्रनवर आणि हातांवर पीठ, बोटं आलुबुखारांनी जांभळी. रोझविटाचे ओठ हलले, आणि त्यासरशी गुड्रूननं पिठाचा अख्खा पंजा तिच्या तोंडावर दाबला.

"एक शब्द काढायचा नाही! आज चौदा आहे."

"नुसतं 'कशी आहेस' म्हणणार होते गं," रोझविटा पंजाआडून म्हणाली.

"तुझा भरवसा नाही. पुन्हा कुणाचा खुबा मोडायला नको. हॉल ठरवलाय मी."

मग मात्र दोघींना हसू आवरेना. दारातच हसल्या, आणि हसता हसता रोझविटा रडायला लागली, आणि गुड्रून "आता हे काय, पीठ ओलं होतंय" म्हणत स्वतःच डोळे पुसायला लागली.

"दुलई कुणासाठी टाकली होतीस?" चहा झाल्यावर रोझविटानं विचारलं.

"दर शनिवारी टाकते. नऊ वर्षं झाली. सगळी दरी मला आळशी म्हणते." गुड्रूननं केकचा दुसरा तुकडा तिच्या बशीत सरकवला. "आणि तू बसतेस त्या बोगद्यातल्या गाडीत! फाल्क नाताळला फोन करतो ना, त्यानं सांगितलं. उंदरासारखी जमिनीखालून जातेस म्हणे."

रोझविटानं तो तुकडा संपवला आणि तिसऱ्यासाठी बशी पुढे केली.

हात धुवायला ती वर निघाली आणि जिन्याशी थबकली. पायऱ्यांवर मेण नव्हतं. खालपासून वरपर्यंत काथ्याची खरखरीत पट्टी ठोकलेली होती, कडेला झिजलेली, म्हणजे बरीच जुनी. तिनं वाकून पट्टीवरून हात फिरवला. स्वयंपाकघरात गुड्रूनच्या बशांचा आवाज जरा वाढला.

संध्याकाळी फाल्कचा फोन आला. "आई, कुठे आहेस? जेवायला थांबलोय."

"नदीवरून येतेय."

"अगं, त्याला तीन तास लागतात. दुपारी निघालीस ना?"

"या वेळी दीड दिवस लागेल," रोझविटा म्हणाली. "मला इथे एक वाक्य बोलायचंय आणि ते उद्याशिवाय बोलता येत नाही. तूच ये, बायकोला घेऊन. हॉल आहे, बँड आहे."

रात्री ती आपल्या जुन्या खोलीत लाल चौकड्यांच्या दुलईत झोपली, आणि दर मालगाडीला बशा बोलत राहिल्या.

सकाळी कुणीतरी तिला गदागदा हलवलं. उजाडत होतं. गुड्रून झोपायच्या झग्यात, हात कमरेवर ठेवून उभी.

"पंधरा तारीख लागली कधीची," ती म्हणाली. "मी चारपासून जागी आहे. बोल आता."

रोझविटा अंथरुणात उठून बसली, चष्मा चढवला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, गुड्रून."

"हे सत्तरावं झालं. मधली?"

"कुठली मधली?"

"मधली अकरा राहिली आहेत. उशिरा दिलेल्या चालतात."

रोझविटानं तिला दुलईत ओढून घेतलं, आणि बोटांवर मोजत, एकही वर्ष न गाळता, बाकीच्या अकरा वाढदिवसांच्या शुभेच्छा तिला दिल्या.