चार बोटं खिडकी

एसीवाला म्हणाला, "काका, मशीन ओके आहे. तुमची रूम लीक आहे."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. खोली काय सायकलची ट्यूब आहे का, लीक व्हायला? पण त्याला पुढच्या कॉलवर जायचं होतं. दाराखालच्या फटीकडे बोट दाखवून, "हे सगळं बुजवा, मग बघा," असं म्हणत तो चपला घालून गेलासुद्धा. चहा टाकलेला तसाच राहिला. तो मीच प्यायलो, दोन्ही कप.

धुळ्यात देवपूरकडे आमचं जुनं बैठं घर आहे. मी शाळेत खेळाचा शिक्षक होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. बायको जाऊन हा तिसरा उन्हाळा. मुलगा पुण्यात. गेल्या मे महिन्यात मला ऊन लागलं. बाहेर कुठे नाही, घरातच, माझ्याच पलंगावर. शेजारच्या अक्कांनी दार वाजवलं, मी उघडेना, म्हणून त्यांनी आरडाओरडा करून माणसं गोळा केली. सलाईन लावून शुद्धीवर आलो तेव्हा मुलगा उशाशी बसला होता आणि त्याचा चेहरा पाहून मला माझ्यापेक्षा त्याचीच काळजी वाटली.

त्याचं म्हणणं एकच, "कूलर बाद झालाय तुमचा. पुण्याला चला." ते मलाही पटत होतं. म्हणजे कूलरचं, पुण्याचं नव्हे. ही असताना त्याच कूलरपुढे दुपारी पांघरूण घ्यावं लागे. ती गेली आणि कूलर जणू रुसलाच. मी काय नाही केलं त्याच्यासाठी! तिन्ही बाजूंचं गवत बदललं. पंप बदलला. पंख्याची मोटर भरून आणली. आग्रा रोडवरच्या दुकानदाराने वाळ्याच्या जाळ्या गळ्यात मारल्या, त्याही घेतल्या. खोलीत वास सुरेख यायचा, पण अंग चिकचिकलेलंच. लोखंडी भंगार आहे म्हणून मी त्याला रोज शिव्या घालायचो. घरात शिव्या घालायला दुसरं होतं तरी कोण?

शेवटी यंदा मार्चमध्ये मुलाने एसी बसवून दिला आणि अट घातली. एवढा उन्हाळा खोली गार राहिली तर राहा इथे. नाही राहिली तर जूनच्या आत सामान बांधायचं, घराला कुलूप, पुढचं पुढे. कुलूप म्हणजे काय ते मला कळतं. आमच्या गल्लीत कुलूप लागलेली घरं कमी नाहीत. आधी दिवाळीला उघडतात, मग तेही नाही, आणि एक दिवस कुणीतरी येऊन मोजमाप घेऊन जातं. मला हे घर सोडायचं नव्हतं. पुण्यातला फ्लॅट चांगला आहे, सून माझं सगळं करते, नातू गोड आहे. पण तिथे मी पाहुणा. इथे निदान मी कुणीतरी आहे, गल्लीतली पोरं अजून मला पाहून सायकलवरून उतरतात. म्हणून एसीवाला लीक म्हणाला तेव्हा मला दाराला लागलेलं कुलूपच दिसलं.

एप्रिल निम्मा गेला होता. एसी सकाळपासून घुरघुरायचा, बाहेरचं मशीन क्षणभर थांबायचं नाही, मीटर पळायचं आणि खोली मात्र कोमट. मुलाने भिंतीवर तापमापक टांगून ठेवला होता. रोज दुपारी त्याचा फोटो पाठवायचा असा नियम. फोटो गेला की पलीकडून एक अंगठा यायचा. कधी कधी अंगठ्याऐवजी लिहून यायचं, "पप्पा, हे जास्त आहे." बस, एवढंच आमचं दिवसाचं बोलणं.

मग मी कंबर कसली. शाळेत फुटबॉलचं पंक्चर मी पाण्यात बुडवून काढायचो. खोली काही बादलीत बुडवता येत नाही, म्हणून उदबत्ती घेतली. पंखा बंद केला, एसी चालू ठेवला आणि उदबत्ती हातात धरून भिंतींच्या कडेने फिरलो. जिथे फट, तिथे धूर सरळ वर जायचा सोडून एकदम वाकडा व्हायचा. अहो, किती ठिकाणी व्हावा! दाराखाली. चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे गिलावा सुटला होता तिथे. दारावरच्या झरोक्यात. एसीची नळी बाहेर काढली होती त्या भोकात तर धूर सरळ ओढलाच गेला. बसवणाऱ्याने तिथे थोडा सिमेंटचा गोळा थापून माझ्या तोंडाला पानं पुसली होती. बटनांच्या पाटीमागूनसुद्धा गरम वाफ येत होती. चाळीस वर्षं ज्या खोलीत झोपलो ती अशी चाळणी निघाली.

ही उदबत्ती देवापुढची होती, तिच्या डब्यातली. घर भरून वास सुटला आणि मला एकदम वाटलं की आता आतून आवाज येणार, आज काय आहे म्हणून एवढा धूर केलात? कसलं काय. एसीची घुरघुर तेवढी.

सामान आणलं. दाराखाली रबराची पट्टी ठोकली. चौकटीला चिकटणारी फोमची पट्टी लावली. नळीच्या भोकात फोमचा फवारा मारला, तो फुगून फुगून बाहेर आला, सुरीने कापला. झरोक्याला काच बसवून घेतली. कूलर ज्या खिडकीत बाहेरून बसवलाय तिला आतून थर्माकोलचा पत्रा बेतून लावला, लागेल तेव्हा काढता येईल असा. कूलर काही फेकला नाही. आमच्याकडे मे महिन्यात व्होल्टेजचा भरवसा नसतो आणि व्होल्टेज पडलं की एसी आधी मान टाकतो.

राहिली समोरच्या भिंतीतली लहान खिडकी. ती बोळात उघडते आणि बोळापलीकडे लगेच अक्कांचा ओटा. ही खिडकी तिचीच. ती गेल्यापासून मी उघडलीच नव्हती. धूळ येते, आणि मला बोळात कुणाशी बोलायचं होतं? दुपारी ही खिडकी उघडून ती अक्कांशी हळू आवाजात गप्पा मारायची. मी पलंगावर घोरत पडलेला. जाग आली की म्हणायचो, "आटपा तुमची सभा." ती म्हणायची, "तुम्ही झोपा हो."

खिडकीच्या कट्ट्यावर, कोपऱ्यात एक चिंधी सापडली. निळ्या ब्लाऊजपीसची, घट्ट घडी करून टाका घातलेली, मूठभर आकाराची. धूळ येऊ नये म्हणून कोंबली असेल, असं मला वाटलं. ती काढून मी खिडकी घट्ट ओढली, सगळ्या कडांनी सिलिकॉन भरलं आणि बोटांना लागलेलं सिलिकॉन त्याच चिंधीला पुसलं. चिंधी कोनाड्यात टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी चमत्कारच झाला. दुपारी बाहेरचं मशीन बंद पडलं. मी घाबरून उठलो, पाहतो तर बिघडलं नव्हतं, खोली गार झाली म्हणून आपोआप थांबलं होतं. थोड्या वेळाने परत सुरू झालं, परत थांबलं. मी तापमापकाचा फोटो पाठवला. अंगठा आला आणि अंगठ्याबरोबर एक फूलसुद्धा. मला इतका आनंद झाला की कुणाला तरी धरून सांगावं, बघ, जमवलं की नाही! सांगायला वळलो. पलंगाची दुसरी बाजू रिकामी. हे असं अजून होतं.

आणि मग ती शांतता. फटी बुजल्या तसे आवाजही बुजले. भाजीवाल्याची आरोळी नाही, अक्कांच्या घरची भाकरी थापल्याची थपथप नाही, बोळातून जाणाऱ्या पोरांची भांडणं नाहीत. एवढे आवाज आपल्या सोबतीला होते हे मला तोवर कळलंच नव्हतं. गार खोलीत पडून मी छताकडे बघायचो. पुण्याला जायचं नाही म्हणून हा सगळा आटापिटा केला आणि धुळ्यातही मी धुळ्यात उरलो नाही. खोटं कशाला बोलू, रडू यायचं. पण तापमापक बरोबर होता.

मे महिन्याच्या मध्यावर एके दिवशी ऐन दुपारी व्होल्टेज पडलं. एसीने टिक असा आवाज केला आणि गप्प झाला. मी मनाशी म्हटलं, हरकत नाही. थर्माकोल काढला, नळी लावून कूलरच्या टाकीत पाणी भरलं, बटन दाबलं. कूलर रडतखडत का होईना, सुरू झाला. मी पलंगावर पडलो.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग खोली कोंदायला लागली. चादर ओली, उशी ओली. भिंतीला हात लावला तर तीही ओलसर. श्वास जड झाला, डोळ्यांपुढे काजवे चमकले. गेल्या वर्षी असंच सुरू झालं होतं. मी धडपडत उठलो. ओरडलो असतो तरी ऐकलं कुणी असतं? एकूण एक फट मीच तर बुजवली होती! दार ओढलं, ते रबरामुळे घट्ट बसलेलं, दोन हिसके दिले तेव्हा उघडलं. भिंत धरत धरत बोळापर्यंत गेलो आणि अक्कांच्या ओट्यावर बसकण मारली.

अक्का ऐंशीच्या घरातल्या. कापसाच्या वाती वळत बसल्या होत्या. हातातला कापूस टाकून त्या उठल्या, "नाना, काय व्हयनं? घाम कितला उना तुमले!" आत जाऊन मीठ-साखर घातलेलं पाणी घेऊन आल्या. मी ते प्यायलो, जीवात जीव आला. मग कूलरला पुन्हा चार शिव्या हासडल्या आणि त्याची सगळी हकिकत सांगितली. गवत, पंप, मोटर, वाळा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खिडकी उघाडी शे का?"

"कुठली खिडकी?"

त्यांनी बोळापलीकडच्या माझ्या खिडकीकडे हात केला. "बंद खोलीमा कूलर चालस का कधी, नाना? हवाले बाहेर जावाले जागा नको का? हाई तं पोरेसोरेसले बी समजस!"

 माझा जन्म खानदेशात गेला. इथे घरटी कूलर, आणि कूलर लावला की समोरची खिडकी किलकिली करायची हे इथे कुणी कुणाला सांगत नाही, भाकरीला तवा लागतो हे जसं सांगत नाही. दुकानदाराने विचारलं नाही, मोटरवाल्याने विचारलं नाही. विचारतील कशाला? आणि माझ्या घरात पाणी भरणं माझ्याकडे होतं, खिडकी तिच्याकडे. लग्नापासून वाटणीच तशी. मी पाणी भरून पडायचो आणि डोळा लागायचा. मग ती उठायची.

अक्का सांगत होत्या, ती रोज दुपारी खिडकी चार बोटं उघडायची. जास्त नाही, कमी नाही. जास्त उघडली तर लूच्या गरम झळा आत येतात, कमी उघडली तर कोंदतं, दाराच्या बारीकसारीक फटींनी काही भागत नाही. मिटू नये म्हणून मध्ये चिंधीची घडी ठेवायची. तेवढ्या फटीतून आमच्या खोलीतली गार हवा अक्कांच्या ओट्यावर यायची आणि अक्का त्या हवेत बसून वाती वळायच्या. "आते दोन उन्हाळा व्हई गयात," त्या म्हणाल्या, "मना वट्टावर हवा येत नही." तक्रार नव्हती हो. नुसतं सांगत होत्या.

मी घरी आलो. भाजी कापायची सुरी घेतली आणि त्या खिडकीच्या कडेचं सिलिकॉन कापायला बसलो. फार घट्ट लावलं होतं मेल्याने, म्हणजे मीच. बोट कापलं. कोनाड्यातली निळी चिंधी शोधली, तिच्यावर सिलिकॉन वाळून ती कडक झाली होती, पण घडी शाबूत होती. खिडकी उघडली, चार बोटं मोजली, घडी मध्ये सरकवली. ती तिथे नेमकी बसली.

कूलर लावला. पलंगावर पडलो. थोड्याच वेळात ती हवा अंगावर आली. तीच, जुनी, पांघरूण घ्यायला लावणारी. दोन उन्हाळे मी जिला शोधत होतो ती हवा. आणि ती पलीकडे ओट्यावरही पोचली असावी, कारण बोळातून अक्कांचा आवाज आला, "उनी, नाना! हवा उनी!"

मी तोंडावर चादर ओढली आणि हमसून हमसून रडलो. तिच्या तेराव्यालाही इतका रडलो नव्हतो.

आता त्या खिडकीच्या कडांना सिलिकॉन नाही, मऊ फोमची पट्टी आहे. एसी असेल तेव्हा ओढून घेतो, घट्ट बसते. व्होल्टेज पडलं की घडी सरकवतो.

त्या दिवशी फोटो पाठवायचा राहून गेला. संध्याकाळी मुलाचा फोन आला, घाबराघुबरा. "पप्पा, काय झालं? एसी बंद पडला का?"

"एसी ठीक आहे रे. कूलरही ठीक आहे. तो कधी बिघडलाच नव्हता."

"मग दोन वर्षं गार का करत नव्हता?"

"खिडकी तुझी आई उघडायची," मी म्हणालो.

  तो म्हणाला, "राहा तुम्ही तिथे. मीच येतो रविवारी." तापमान किती, ते त्याने विचारलं नाही.