टेकडीचं बेट

मोरिवलीत आमच्या घरामागच्या टेकडीवर एक बाई भर उन्हात काठीला दोऱ्याचा फास लावून सरडे धरायची. शेपटीचं इवलंसं टोक तपासणीला कापून घ्यायची आणि सरडा धरला त्याच दगडावर परत सोडायची. इतका हलका हात मी फक्त सुईणीचा पाहिलाय.

एकदा विचारलं तर म्हणाली, "बेटावरच्या सरड्यांचा अभ्यास करते."

मी बांबूचं बेट शोधू लागलो. ती हसली. "अहो, ही टेकडीच बेट. चहूकडच्या कंपन्या, रस्ते हा यांचा समुद्र. पलीकडच्या टेकडीशी सोयरीक तुटली. आता आपसातच लग्नं, मग पिढ्यान्‌पिढ्या रक्त पलीकडच्यांपेक्षा वेगळं होत जातं."

मी घाईनं म्हणालो, "आमची सोयरीक बदलापूरला आहे हां!"

तिनं हातातल्या सरड्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "तुमचं बरंय. ह्याला बदलापूर कुठून आणू?"